रामनगरला पाठवलेला राजीनामा

२ नोव्हेंबर १९९५, गुरुवार

ही वही शरदने बँकेतून आणली. म्हणाला, "दिवसभर मला मनातल्या मनात जे बोलतेस ते यात लिही, म्हणजे संध्याकाळी मला कमी ऐकावं लागेल." बँकेतल्या माणसांना विनोद जमत नाहीत, तरी ती करतात.

पहिल्या पानावर नाव घालायची सवय आहे म्हणून घालते. डॉ. सौ. सुनीती शरद मोघे, एम.एस्सी., पीएच.डी. (गणित). पदव्यांनी ओळ भरली, त्यामुळे हुद्दा लिहायला जागा उरली नाही. हुद्दा नाहीच म्हणा. साताऱ्याच्या कॉलेजात नऊ वर्षं शिकवलं. शरदची बदली काशीला झाली, मी जूनमध्ये राजीनामा दिला, प्राचार्यांनी शाल दिली आणि आता ब्रह्मा घाटावर ढुंढिराज काकांच्या घरी दुसऱ्या मजल्यावर बसून मी गहू निवडते. इथल्या विद्यापीठात अर्ज केला आहे. पोस्टमन येतो तेव्हा मी नेमकी जिन्यात असते, हा योगायोग आहे.

आज शरद म्हणाला, "रामनगरच्या आमच्या एका खातेदाराला नकाशे काढायला माणूस हवंय." मी विचारलं, कुठल्या जिल्ह्याचे? तो म्हणाला, साडीचे. इथे नक्शा म्हणजे साडीवर विणायची नक्षी. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्यावरून मागाला लावायचे भोकाभोकांचे पत्ते कापतात. आधीचा नक्शेवाला सुरतेला निघून गेला. शिक्षणाची अट दहावी.

शरद हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता. याचा अर्थ त्याने त्या माणसाला आधीच काहीतरी सांगून ठेवलंय. मी रागाने जेवले नाही. नंतर थोडं जेवले, कारण भरली वांगी होती.

५ नोव्हेंबर, रविवार

सांगून ठेवलंच होतं. अनीस साहेब, म्हणजे ते खातेदार, आज घरी आले. पांढरी टोपी, अत्तर, आणि बोलणं इतकं अदबीचं की नकार द्यायला फटच सापडत नाही. त्यांनी विचारलं, "आपकी शिक्षा कितनी हुई है?" मराठी माणसाला हा प्रश्न ऐकला की कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटतं. प्रबंधाची पाच वर्षं धरली तर भरपूर झाली, असं मनात आलं. मी सांगितलं, गणितात पीएच.डी. मग शरदकडे वळून हळूच म्हणाले, "इतना पढ़ने के बाद हाथ का काम हो पाएगा?"

म्हणजे मी या कामाला जास्त आहे की कमी, हाच त्यांना प्रश्न पडला. मला असलं कुणी आजवर विचारलं नव्हतं. मी म्हटलं, हो पाएगा. केवळ चिडून म्हटलं. त्यातून ठरलं ते असं, की एक महिना करून बघायचं आणि मग होय की नाही ते लिहून कळवायचं. "चेष्टा कीजिए," असं ते जाताना म्हणाले. हिंदीत याचा अर्थ प्रयत्न करा असा होतो, हे मला ते जिना उतरून गेल्यावर शरदने सांगितलं. तोवर मी तोंड फुगवून बसले होते.

६ नोव्हेंबर, सोमवार

ढुंढिराज काकांना सगळं कळलंय. या घरात जिन्यात बोललेलं तळमजल्यावर पोचतं आणि तळमजल्यावर काका असतात. वय सत्तर, जन्म इथलाच, पाच पिढ्या घाटावर. मराठी बोलतात, पण निम्मे शब्द गंगेच्या पाण्याने वाढवलेले.

मी म्हटलं, "काका, दहावी पास माणसाचं काम मी कसं करू? उद्या विद्यापीठातून बोलावणं आलं तर काय सांगू?"

काका म्हणाले, "अगं, मी घनपाठी. बारा वर्षं गुरूंच्या इथे मार खाल्ला. एकेक ऋचा उलटी, सीधी, जोडून, तोडून म्हणून देतो. आणि चाळीस वर्षं केलं काय, तर जजमानांच्या इथे सत्यनारायण. जजमानाला घन ऐकवला असता तर तो झोपून गेला असता. मी तर कधी परेशान नाही झालो."

"पण वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. मग प्रसाद खाऊन घ्यायचा."

सीताकाकू आतून म्हणाल्या की प्रसाद खाऊनच यांना साखर झाली. चर्चा तिथे संपली.

९ नोव्हेंबर, गुरुवार

आज काकांनी घरोघर पेढे वाटले. चुलतभावाशी गच्चीवरून एकोणीस वर्षं चाललेला खटला संपला. मला पेढा देताना म्हणाले, "कोर्टात राजीनामा होऊन गेला, सुनीती. सगळे खूश." कुणी राजीनामा दिला ते कळलं नाही. बहुधा तो चुलतभाऊ कुठल्याशा ट्रस्टवर असावा. एखाद्याची नोकरी गेली म्हणून पेढे वाटणं मला जरा जडच गेलं, पण पेढा चांगला होता.

पोस्टमन आला. काकूंच्या भाचीची लग्नपत्रिका.

१३ नोव्हेंबर, सोमवार

टेम्पोने राजघाटचा पूल, मग पडाव, मग रामनगर. अनीस साहेबांचा कारखाना म्हणजे एक लांब खोली, खाली सहा माग आणि वर माळ्यावर नक्शाची बैठक. बैठकीवर बशीर चाचा. साठीच्या पुढचे, डोळ्याला जाड भिंग, शाळा चौथीत सोडलेली. त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला आणि म्हणाले, "एक गोल बनाइए."

गोल! मी कंपास मागितला नाही. मी सोबत नेलेल्या शाळेच्या आलेखकागदावर, केंद्रापासूनची अंतरं मोजून, घर अन् घर भरून असा गोल काढला की कॉलेजात त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले असते. चाचांनी तो मान हलवत पाहिला आणि नमुन्याच्या मागावर लावायला खाली पाठवला. हे काम आठवड्यात हातात बसेल. मग उरलेले दिवस कंटाळ्याचे.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

माझा गोल विणून आला. अंडं आहे.

उभ्या धाग्यांची दाटी वेगळी, आडव्यांची वेगळी. कागदावरचं घर चौकोनी असलं तरी कापडावरचं नसतं. म्हणून इथे कागदच वेगळा वापरतात, त्याची घरं जराशी लांबट असतात. चाचांना हे पहिल्याच दिवशी माहीत होतं. "बता देते तो याद नहीं रहता," म्हणाले. मी नऊ वर्षं विद्यार्थ्यांना सगळं आधी सांगत आले, आणि त्यांना खरंच काही आठवत नसे.

अंडं घरी आणलंय. शरदने ते बघून विचारलं, "उकडलेलं की हाफफ्राय?"

२१ नोव्हेंबर, मंगळवार

वेळ नाही. टिकली एवढी बुटी, तेवीस घरांची. चार वेळा पुसली. काकू म्हणतात मी भांडी घासताना गुणगुणते. मी गुणगुणत नाही. घरं मोजते.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्मा, कारखाना बंद. वेळ कसा घालवावा कळत नव्हतं, म्हणून फक्त गंमत म्हणून एक गोष्ट केली. सपाट जागेवर नक्षी पुन्हा पुन्हा मांडायच्या मुळात सतराच तऱ्हा आहेत. अठरावी नाही, हे सिद्ध झालेलं आहे. माझा प्रबंध त्याच सतरांवर. तो आजवर चौघांनी वाचला, त्यात टायपिस्ट धरला. या सतरांपैकी चौकटीच्या कागदावर बाराच बसतात. चाचांनी मला त्यांच्या आजोबांपासूनच्या नक्शांच्या वह्या दिल्यात, त्या आज चाळल्या. बारापैकी अकरा तऱ्हा सापडल्या. त्या घराण्यात कुणी शाळा पुरी केलेली नाही. अकरा!

बारावी नाही. का नाही? चाचांना विचारायला हवं. तसं मला या कामात काही रस नाही, पण उत्सुकता ही गणिताची सवय आहे.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

फार वाईट दिवस.

मी प्रबंध घेऊन गेले होते. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं. चाचांना बारावी तऱ्हा दाखवायची होती, आकृती तेवीस. खरं सांगायचं तर थोडा भाव खायचा होता. चाचांनी इंग्रजी पानं झपाझप उलटली, आकृतीपाशी थांबले, भिंग लावलं. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ये वाला हमारे अब्बा ने भी बनाया था, बेटी. जोड़ नहीं मिला. आपका भी नहीं मिल रहा."

मी म्हटलं, असं होणार नाही. यावर तीन परीक्षकांच्या सह्या आहेत. चाचा म्हणाले, "दस्तख़त तो बराबर हैं." आणि उजव्या कडेला नक्षीतल्या पानाचं टोक कुठे संपतं आणि डाव्या कडेला कुठे सुरू होतं ते बोटाने दाखवलं. एक घर खाली.

संध्याकाळी तीनदा तपासलं. एक घर खाली आहे. प्रमेय बरोबर आहे, आकृती चूक आहे. दहा वर्षांत कुणालाही दिसली नाही, मलासुद्धा. शरदला सांगितलं तर तो हसला नाही, तेव्हा तर मला रडूच आलं.

३ डिसेंबर, रविवार

लतिका आली होती. एम.एस्सी.ला माझ्यामागे दुसरी यायची. आता पुण्यात विभागप्रमुख आहे. सासूबाईंना घेऊन काशी करायला आलीय. गल्लीतून तिचा आवाज ऐकला आणि काही न सुचून पलंगावरचे सगळे नक्शे गादीखाली सारले. लतिका नेमकी त्याच गादीवर बसली. ती हलली की कागद वाजायचे.

"गादीत काय भरलंय गं?"

"इथे थंडी फार," मी म्हटलं. हे कसं सुचलं ते देवाला ठाऊक. शरद पाणी आणायच्या निमित्ताने आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला.

ती म्हणाली, "तू काय करतेस सध्या?" मी म्हटलं, "संशोधन." मग ती स्वतःबद्दल सांगत बसली. वेळापत्रकं, समित्या, रजेचे अर्ज, चार वर्षांत एकही गणित हातात घेतलं नाही, रात्री कधी जुन्या वह्या काढून नुसती बघते. हुद्दा मिरवायची ही एक तऱ्हा. जाताना माझा हात बराच वेळ धरून म्हणाली, "तुझं बरं आहे, सुनीती. संशोधन चालू आहे तुझं." टोमणाच होता.

ती गेल्यावर गादी उचलली. तेवीस घरांची बुटी चुरगळली होती. ती इस्त्री करायला घेतली आणि स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. नक्शाची वाटली की लपवल्याची, ते नीट सांगता येणार नाही. पण एवढं ठरलं, की ज्या कामाचं नाव मैत्रिणीला सांगता येत नाही ते करू नये. महिना भरत आलाच आहे. सोडते.

४ डिसेंबर, सोमवार

पत्र लिहिलं. हिंदीत असल्याने पाठवण्याआधी काकांना दाखवलं. मी "इस्तीफा" लिहिलं होतं. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग माझ्याकडे एकदा बघितलं.

"इस्तीफा नको लिहू. इस्तीफा मंत्री देतात. आपल्या माणसाने राजीनामा लिहावा."

"हिंदीत चालतं?"

"दौडतं."

कारणांचा परिच्छेदही त्यांनी काढून टाकला. "कारण लिहिलं की समोरचा बहस करून देतो." मग पत्र असं झालं: 'महोदय, एक महीने के काम के बाद मैं यह राजीनामा दे रही हूँ। कृपया स्वीकार करें। आपसे और बशीर चाचा से बहुत कुछ सीखा। आभारी हूँ।' सुटसुटीत झालं. काकांचं हिंदी मी समजत होते त्याहून चांगलं आहे.

शरदने पत्र वाचलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, मीच रामनगरला नेऊन देतो. एरवी कोपऱ्यावरून दही आणायला तीनदा सांगावं लागतं. त्यालाही मी सुटावी असंच वाटत असणार.

७ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस झाले, कुणी काही कळवलं नाही. नको जाऊ म्हणायला कुणी येईल अशी माझी अपेक्षा मुळीच नव्हती. पण माणूस सोडून जातं तेव्हा निदान विचारावं, एवढी रीत सगळीकडे असते. चाचांनाही काही वाटलं नाही म्हणजे कमाल आहे.

संकठा घाटापर्यंत फिरून आले. गहू निवडले. निवडलेले पुन्हा निवडले. पोस्टमन आला तेव्हा मी जिन्यात नव्हते, आणि विद्यापीठाचं पत्र नेमकं आजच आलं. तूर्त जागा नाही, अर्ज दप्तरी ठेवला आहे. वाचून घडी घातली. जितकं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही, याचं मात्र वाटलं.

९ डिसेंबर, शनिवार

सापडलं. जोड सापडला.

त्या विद्यापीठाच्याच लिफाफ्यामागे सापडला, पोळ्या करताना. या तऱ्हेत पान अर्धी वाट चालून उलटं पडतं. म्हणजे आख्ख्या नक्षीचं बरोबर निम्मं करता यायला हवं. मी घरं घेतली होती पंचेचाळीस. चाचांकडेही विषमच घेतात, कारण बुटीला मधलं घर लागतं. पंचेचाळीसचं निम्मं होत नाही, हे दुसरीतलं पोर सांगेल. मला सांगायला कुणी दुसरीतलं भेटलं नाही. शेहेचाळीस घ्यायची, बस.

पोळी करपली. मी लिफाफा घेऊन चप्पल घालून दारापर्यंत गेले. चाचांना दाखवायचा होता. मग आठवलं की मी तिथली कुणी नाही. दारातच बसले आणि रडले. कशाला खोटं लिहू, खूप रडले. शरद घरी आला, तर मी करपलेली पोळी घेऊन उंबऱ्यावर. त्याने लिफाफा बघितला आणि म्हणाला, "मला यातलं कळत नाही गं." ज्याला कळतं तो नदीपलीकडे राहतो.

१० डिसेंबर, रविवार

अनीस साहेब आले. हातात लवंगलतांचा मोठा डबा. मी गोंधळले. निरोपाला मिठाई देतात का इथे?

बसल्याबरोबर म्हणाले, "मुबारक हो, डॉक्टर साहिबा. हम तो डरे बैठे थे कि आप मना कर देंगी. आपका राज़ीनामा मिला तो बशीर भाई ने दो रकअत शुकराने की नमाज़ पढ़ी." कळवायला उशीर झाला त्याबद्दल त्यांनी माफी मागितली. माझ्यासाठी सुताराकडून टेबल करून घेत होते. ते झाल्याशिवाय कुठल्या तोंडाने यायचं?

मी शरदकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. मग हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. राज़ी, नामा. राज़ी असल्याचं लिहून देणं. या गावात राजीनामा देतात तो कबूल असल्याचा.

चूक सुधारायला एक शब्द पुरेसा होता, आणि तो मला येत होता, इस्तीफा. जिभेवर आलाही होता. अनीस साहेब डब्याची दोरी सोडत होते. गादीखालच्या नक्शांचा विचार आला, लतिका मैत्रीण आहे की परीक्षक याचाही आला, आणि तो लिफाफा माझ्या पदराच्या टोकाला बांधलेला होता.

मी विचारलं, "टेबल खिड़की के पास है न?"

"बिल्कुल खिड़की के पास."

"फिर ठीक है," मी म्हटलं. बोलल्यावर इतकं हलकं वाटलं की लागोपाठ दोन लवंगलता खाल्ल्या.

ते गेल्यावर ही वही मागे चाळली. ९ नोव्हेंबर. कोर्टात राजीनामा, सगळे खूश, पेढे. म्हणजे खटल्याची तडजोड. महिन्यापूर्वी माझ्याच अक्षरात लिहून ठेवलेलं.

डबा घेऊन खाली गेले. काका ओसरीवर डोळे मिटून जप करत होते. लवंगलतेचा वास नाकात गेल्यावर एक डोळा उघडला.

"काका, राजीनाम्याचा हिंदीत अर्थ काय होतो?"

काकांनी साखरेचा विचार केला, आतल्या दाराकडे बघितलं, सीताकाकू नाहीत याची खात्री केली आणि हात पुढे केला.

"मला काय ठाऊक, बेटा. आपण मराठी माणसं. आपल्याला हिंदी कुठे येते?"

११ डिसेंबर, सोमवार

चाचांनी भिंग लावून लिफाफा पाहिला. शेहेचाळीस घरं दोनदा मोजली. मग त्यांच्या अब्बांची वही काढली, मोकळं पान उघडलं आणि ब्रश माझ्या हातात दिला.

लतिकाला पत्र लिहिलं. गादीत थंडीसाठी काही भरलेलं नव्हतं, इथपासून सुरुवात केली.